खुलासा: जर्मनीतलं शिक्षण ‘पूर्ण फुकट’ नाही

‘जर्मनीत सगळ्यांना शिक्षण मोफत, फक्त तिकिटाचे पैसे जमवा’ असा मेसेज फिरतोय. मीही तो न तपासता पुढे पाठवला होता, म्हणून हा खुलासा.

बहुतेक सरकारी विद्यापीठांत पदवीला आणि बऱ्याच मास्टर्सना ट्यूशन फी नसते, एवढं खरं. पण बाडेन-व्युर्टेम्बर्ग राज्य युरोपीय संघाबाहेरच्या विद्यार्थ्यांकडून 2017 पासून दर सेमिस्टरला 1,500 युरो घेतं. म्युनिकच्या टेक्निकल युनिव्हर्सिटीने 2024-25 च्या हिवाळी सत्रापासून अशा नव्या विद्यार्थ्यांना फी लावली : पदवीला सेमिस्टरमागे 2,000 ते 3,000 युरो, मास्टर्सला 4,000 ते 6,000. हे आकडे मी त्या-त्या ठिकाणच्या अधिकृत माहितीतून घेतलेत. सेमिस्टर शुल्क वेगळं. ते फी नसलेल्या ठिकाणीही भरावं लागतं. त्यात बरेचदा बस-ट्रामचा पासही येतो, हे मात्र बरं.

खरा खड्डा व्हिसाला पडतो. वर्षभर राहण्याखाण्याची सोय दाखवावी लागते, बहुतेक जण त्यासाठी ब्लॉक्ड अकाउंट उघडतात. सप्टेंबर 2024 पासून त्यात 11,904 युरो लागतात. पैसे आपलेच, पण महिन्याला 992 युरोच काढता येतात. ‘तिथे पार्ट-टाइम करून भागवू’ म्हणणाऱ्यांनी लक्षात घ्यावं, ही रक्कम निघण्याआधी दाखवायची असते. रक्कम बदलत असते, अर्जाच्या वेळी दूतावासाच्या वेबसाइटवर बघाच.

तो जुना मेसेज कृपया पुढे पाठवू नका. मी पाठवलेला ज्यांच्याकडे असेल, त्यांनी डिलीट करावा.