पकडायचे की पाळायचे?

बोहरी आळीतल्या दुकानदाराने मला एकामागून एक तीन पिंजरे दाखवले. तिन्हींत भजं अडकवायचा आकडा होता आणि खाट्कन पडणारं दार होतं.

"हे नकोत," मी म्हणालो. "मोठा हवा. आत जरा फिरता आलं पाहिजे. दोन मजली असेल तर उत्तम."

"घूस आहे का?"

"नाही, उंदीरच. पण पकडायचे नाहीयेत, पाळायचेत."

त्याने पिंजरे परत फळीवर ठेवले, हात झटकले आणि दुसऱ्या गिऱ्हाइकाकडे वळता वळता म्हणाला, "मग पिंजरा कशाला? रव्याचा डबा उघडा ठेवा."

त्याचं काही चुकलं नव्हतं. बावन्न वर्षांत माझा आणि उंदरांचा जो काही संबंध आला, तो त्यांना घराबाहेर काढण्यापुरता. वाड्यात असताना पिंजऱ्यात सापडलेला उंदीर बादलीत बुडवायचं काम घरातला मोठा मुलगा म्हणून माझ्याकडेच असायचं. आणि आता त्यांनी आमच्याकडे राहावं म्हणून मी भर दुपारी रविवार पेठेत स्कूटर लावायला जागा शोधत हिंडत होतो.

त्याचं झालं असं, की लेकीची मैत्रीण पुढच्या शिक्षणासाठी जर्मनीला निघाली. जाताना मागे उरलं ते एक गिटार, एक इंडक्शनची शेगडी आणि दहा महिन्यांच्या दोन उंदीरकन्या. गिटार आणि शेगडी दोन दिवसांत गेली.

"दोन कशाला? एक आणू," मी तडजोड सुचवली.

"बाबा, उंदीर एकटा ठेवत नाहीत. एकटा पडला की तो खंगतो."

हा विचार माझ्या बाबतीत आमच्या घरात कुणाच्या मनात आल्याचं मला आठवत नाही. असो. "जगतात किती?" मी विचारलं. दोन ते तीन वर्षं, असं उत्तर आलं. जन्म बँकेत गेल्यामुळे मुदत कळली की मला बरं वाटतं. मी हो म्हणून टाकलं.

आईला सांगायचं राहिलं होतं. आई सत्त्याहत्तर वर्षांची. तिची आजी लहानपणी प्लेगच्या साली गावाबाहेर झोपडीत राहिलेली. घरात उंदीर पडला की माणसांनी भरलं घर सोडायचं, हे आईने तिच्या तोंडून ऐकलेलं. १८९७ सालचा प्लेग, रँड, चाफेकर बंधू हे सगळं आम्ही परीक्षेपुरतं पाठ केलं. आईला मात्र ते अगदी कालपरवाचं वाटतं. "हे तसे उंदीर नाहीत आजी, माणसाळलेले आहेत, प्रयोगशाळेतल्या पांढऱ्या उंदरांच्या जातीचे," असं नातीने समजावून सांगितलं. आईने सगळं ऐकून घेतलं. मग मला स्टूल आणायला लावलं, माळ्यावरचा जुना पिंजरा खाली काढून घेतला, आकड्याला खोबऱ्याचा तुकडा लावला आणि ओट्याखाली ठेवून दिला.

"हे कशाला?"

"पाहुणे आले की मागनं गोतावळा येतो."

पाहुण्या एका जुन्या मांजराच्या खोक्यातून आल्या. खोक्यावर मांजराचं चित्र होतं, ते मला तरी बरं दिसलं नाही. मैत्रिणीने त्यांची ठेवलेली नावं लूना आणि मोका. आईने ती एकदा ऐकली, पुन्हा कधी उच्चारली नाहीत. तिने थोरली आणि धाकटी म्हणायला सुरुवात केली आणि आठवड्याभरात आम्ही सगळेच तसं म्हणू लागलो, जणू दोघी जावा दिल्या घरी आल्या होत्या. थोरली पूर्ण पांढरी, डोळे लाल. अशा लाल डोळ्यांना नीट दिसत नाही, म्हणून समोरची वस्तू किती लांब आहे याचा अंदाज घ्यायला ती मान डावी-उजवीकडे हलवत राहते. भजनाला बसल्यासारखी. धाकटीचं डोकं काळं आणि पाठीवरून शेपटीपर्यंत काळा पट्टा. टोपी घातलेली उंदरीणच ती, फक्त ढुमढुम करायला ढोलकं तेवढं नव्हतं.

सोबत पाठपोट लिहिलेला कागद आला होता. पहिलं कलम: घाई करायची नाही. पहिले तीन दिवस हात घालायचा नाही. जवळ बसून हळू आवाजात काहीतरी बोलत राहायचं, म्हणजे आवाजाची सवय होते. दुसरं कलम: घरातल्या एकाचा अंगात घातलेला कपडा आत ठेवायचा, म्हणजे वासाची सवय होते. कपडा माझा गंजीफ्रॉक ठरला. "तुझ्या कपड्यांना सगळ्यात जास्त वास येतो," असं कारण लेकीने दिलं आणि बायकोने त्याला अनुमोदन दिलं. त्या गंजीफ्रॉकच्या दोघींनी एका रात्रीत चिंध्या केल्या, त्या चिंध्यांचं घरटं केलं आणि त्यात पाठ फिरवून झोपल्या. आवाजाची जबाबदारीही माझ्यावरच आली. उंदराशी काय बोलायचं हे मला सुचेना. पिशवीत केवायसीचं नवीन परिपत्रक होतं, ते मी तीन संध्याकाळी ओळीने वाचून दाखवलं. बँकेत ते कोणी ऐकलं नव्हतं. इथे निदान कान तरी हलत होते.

चौथ्या दिवशी पहाटे मी पाणी प्यायला उठलो. पिंजऱ्यापाशी डोकावलो तर धाकटीच्या दोन्ही डोळ्यांभोवती लाल आणि नाकाखालीही लाल. रक्त! मी लेकीला उठवलं, लेकीने बायकोला उठवलं. आई जागीच होती. ती म्हणाली, "औषध मी घातलेलं नाही," आणि कुशीवर वळली.

प्राण्यांच्या दवाखान्यात वेटिंगला जागा मिळाली ती एका पर्शियन मांजराशेजारी. टोपलीत बसलेलं, अंगावर निळा स्वेटर. मांडीवर भोकं पाडलेला प्लास्टिकचा डबा घेऊन मी जमेल तितका आडवा बसलो. मांजराच्या बाईंनी विचारलं, "काय आहे डब्यात?" मी म्हणालो, "पक्षी." बाईंना पटलं. मांजराला पटलं नाही. पुढची वीस मिनिटं ते डोळ्याची पापणी न हलवता डब्याकडे बघत होतं आणि मी मांजराकडे. शेवटी काउंटरवरच्या मुलीने खड्या आवाजात पुकारा केला, "उंदीरवाले कोण आहेत?"

डॉक्टरांनी ओल्या कापसाने डोळा पुसला. "हे रक्त नाही. डोळ्यामागे एक ग्रंथी असते, तिच्यातून असा लाल स्राव येतो. पॉर्फिरिन म्हणतात. थोडा रोजच येतो, त्या स्वतःच हाताने पुसून टाकतात. ताण आला की जास्त येतो."

"हिला कसला ताण?"

"घर बदललंय ना? आणि खाली काय अंथरलंय?"

मी अभिमानाने सांगितलं की ओळखीच्या सुताराकडून लाकडाचा भुसा आणलाय, फुकट. डॉक्टरांनी पेन खाली ठेवलं. उंदरांची फुप्फुसं नाजूक असतात; देवदार, पाइन अशा लाकडांचा वास आणि भुशाची धूळ त्यांना सोसत नाही. जुनं सुती कापड घाला, कागद घाला, आणि श्वासाची घरघर ऐकू आली तर थांबू नका, लगेच आणा. फी पाचशे. उंदराच्या पायी मी आजवर एवढा खर्च केला नव्हता, आणि केला तो उलट कामासाठी.

तो लाल कापूस मी कागदात गुंडाळून खिशात ठेवला होता. डॉक्टर बोलता बोलता म्हणाले होते की अतिनील प्रकाशात हे गुलाबी चमकतं. आमच्या कॅश काउंटरवर खोट्या नोटा ओळखायचा तसला दिवा आहे. जेवणाच्या सुट्टीत कोणी नाही बघून मी कापूस त्याखाली धरला. खरंच चमकला! पाचशेच्या नोटेवर कधी दिसला नाही असा झगझगीत गुलाबी. मागे शिपाई उभा होता. "साहेब, ही कुठली?" त्याने विचारलं. मी म्हणालो, "घरची."

भुसा गेला तसा कापडाचा प्रश्न आला. आईची दोन जुनी लुगडी ट्रंकेत होती. त्यांना हात लावाल तर याद राखा, असं तिने बजावलं. मग लेकीने आपला टॉवेल फाडून पिंजऱ्यात टांगायला झोळी शिवली. पाळीव उंदरांना झोळीत झोपायला फार आवडतं, असं त्या कागदात लिहिलं होतं. आईने ती झोळी हातात घेऊन उजेडात धरली. "हे टाके आहेत?" तिने विचारलं. दुसऱ्या दिवशी पिंजऱ्यात लुगड्याची, चारी कोपऱ्यांना दुहेरी टीप घातलेली झोळी होती. उंदरांबद्दलचं तिचं मत बदललं असं कोणी समजू नये. ओट्याखालचं खोबरं ती दर दोन दिवसांनी बदलत होती.

हळूहळू दोघी हातावर येऊ लागल्या. येतात, आणि चालता चालता थेंब थेंब सोडत जातात. याला घाण म्हणायचं नाही, ही ओळखीची खूण असते, असं लेक सांगते. म्हणजे नमुना स्वाक्षरीच. सगळा पिंजरा एकदम स्वच्छ धुतला तर आपली सही पुसली गेली म्हणून त्या दुप्पट सह्या करतात; त्यामुळे धुताना एक तरी जुना कपडा तसाच ठेवावा लागतो. खाण्याच्या बाबतीत मात्र त्या अस्सल पुणेकर निघाल्या. उंदराला उलटी करता येत नाही, त्यामुळे नवीन पदार्थ तो आधी कणभर चाखतो आणि वाट बघत बसतो. मी कौतुकाने नेलेला उकडलेल्या अंड्याचा तुकडा धाकटीने हुंगला, एकदा दात लावला आणि दुसऱ्या दिवसापर्यंत विचार चालू ठेवला. मऊभात पहिल्याच दिवशी पास झाला.

मग ते डोळ्यांचं प्रकरण. एका रात्री थोरली माझ्या मांडीवर बसली होती. अचानक तिने दातावर दात घासायला सुरुवात केली, कटकटकट, आणि तिचे ते लाल डोळे खोबणीतून पुढे येऊन आत जाऊ लागले. पुढे, आत. पुढे, आत. मी ओरडलो. लेक धावत आली, बघून म्हणाली, "बाबा, ती खूश आहे!" जबड्याचा स्नायू डोळ्यामागून जातो, म्हणून दात जोरात घासले की डोळे हलतात. खूश झाल्यावर असं दिसणारा दुसरा प्राणी मला माहीत नाही.

उंदरांना गुदगुल्या केल्या तर ते हसतात हेही लेकीनेच सांगितलं. याक पँकसेप नावाच्या शास्त्रज्ञाने हे दाखवून दिलं. पण तो आवाज पन्नास हजार हर्ट्झच्या आसपासचा, आणि आपले कान वीस हजारांवर थांबतात. रात्री अकरा वाजता मी धाकटीला उताणी करून दोन बोटांनी पोटावर गुदगुल्या करत होतो. ती हसली की नाही, मला कळलं नाही. दारात उभी असलेली बायको हसली. ते हसू वीस हजारांच्या बरंच आतलं होतं.

एप्रिलमध्ये पारा चढला. उंदराला घाम येत नाही, अंगातली उष्णता तो शेपटीतून बाहेर टाकतो. एवढ्याशा शेपटीने पुण्याचा उन्हाळा निभावणार कसा? तेव्हा पिंजऱ्यात शहाबादी फरशीचा ओला तुकडा आला, पसरट ताटलीत पाणी आणि त्यात तरंगणारे फ्रीजरमधले मटार आले. आमच्या खोलीतला पंखाही त्यांच्याकडे गेला. भेटायला येणारा प्रत्येक जण "गणपतीचं वाहन!" म्हणून आपल्याच विनोदावर हसायचा आणि मी पंख्याअभावी घाम पुसत हसायचो.

पिंजऱ्याची कडी लावायला विसरलो तो मीच, हे मी आधीच कबूल करून टाकतो. सकाळी पाहतो तर झोळीत थोरली एकटी. फ्रीजमागे, गॅसखाली, वॉशिंग मशीनच्या पोटात, सगळीकडे शोधलं. लेक रडायला लागली. आई शांतपणे म्हणाली, "ओट्याखाली बघा."

पिंजऱ्याचं दार पडलं होतं. आत उंदीर होता.

लेक गुडघ्यावर बसली. "ही आपली नाही," ती म्हणाली. नव्हतीच. राखाडी अंग, मोठे कान, धडापेक्षा लांब शेपूट. गोतावळा आला होता. धाकटी नंतर अर्ध्या तासाने देव्हाऱ्याखालच्या कप्प्यात मिळाली, वातींच्या कापसात गाढ झोपलेली, शेजारी अर्धी खडीसाखर. "सगळ्या वाती परत वळायला लागणार," एवढंच आई बोलली.

राहिला पिंजऱ्यातला. बादलीचं नाव कोणी काढलं नाही. मी तर नाहीच नाही. लेक वाकून त्याच्याकडे बघत होती. त्याच्या नाकाच्या कडेला बारीक लाल रेघ होती. खोबऱ्याला त्याने तोंडही लावलं नव्हतं.

पिंजऱ्यावर पंचा टाकून मी तो स्कूटरवर पायाशी ठेवला आणि तळजाईच्या टेकडीवर गेलो. फिरायला येणाऱ्यांच्या वाटेपासून लांब, झाडीत एका दगडाशेजारी ठेवून दार उघडून धरलं. तो मागच्या कोपऱ्यात आणखी घुसला. मी पिंजरा वाकडा केला, तरी येईना. हात घालायचा नाही. घाई करायची नाही. साडेआठ वाजले होते, दहाला बँक होती. मी दगडावर बसलो, आजूबाजूला कोणी नाही याची खात्री केली, घसा खाकरला आणि हळू आवाजात केवायसीचं परिपत्रक म्हणायला लागलो. एव्हाना ते पाठच झालं होतं.