नुसतं नावच तर टाकायचंय

गणपती तोंडावर आले की इंदूरमधल्या भरतकामाच्या मशीनवालीला एक वाक्य हमखास ऐकावं लागतं. "काकू, डिझाइन-बिझाइन काही नको. मूर्तीमागच्या मखमलीच्या पडद्यावर नुसतं नावच तर टाकायचंय!" नाव असतं ‘गणपती बाप्पा मोरया’. अक्षर केवढं म्हणून विचारलं की मंडळाचे भाऊ हाताची वीत ताणून दाखवतात. त्यापेक्षा अख्खा मोर भरायला सांगितला असता तर मी चहा पाजला असता. मोराचं पीस वाकडं गेलं तर ते कलात्मक दिसतं. ‘मो’ वाकडा गेला तर सकाळच्या पोहे-जलेबीवर वर्षभर त्याचीच चर्चा.

रुमालावरचं अक्षर स्क्रीनवर ओढून मोठं केलं की काम झालं, असा समज आहे. पण अक्षराबरोबर त्याचा सॅटिन टाकाही ताणला जातो. सॅटिन म्हणजे दोऱ्याने या काठावरून त्या काठावर मारलेली एकच उडी. ३-४ मिलिमीटरला तो रेशमासारखा चमकतो, ७ पर्यंत सांभाळून घेतो, पुढे लोंबायला लागतो आणि पहिल्याच आरतीला कुणाच्या तरी बांगडीत अडकतो. १२ मिलिमीटरच्या वर तर बहुतेक मशीन एका उडीत जातच नाही. वीतभर अक्षराचा दांडा असतो २० मिलिमीटर जाड. तिथे भराव टाकाच हवा: ४ मिलिमीटरचे टाके, विटांसारखे सांधे चुकवत, दोन ओळींत ०.४ मिलिमीटर अंतर. म्हणजे चौरस सेंटिमीटरला साधारण ६२ टाके. ‘मो’ ८० चौरस सेंटिमीटरचा धरला तर ५,००० टाके. मिनिटाला ६०० च्या वेगाने आठ-साडेआठ मिनिटं, तीही दोरा तुटला नाही तर. दोरा तुटतोच.

खरी गंमत ओढीची. टाका ज्या दिशेने पडतो त्या दिशेने कापड आत ओढतो आणि आडव्या दिशेला बाहेर ढकलतो. टाके आडवे घातले की उभा काना बारीक होतो आणि खाली लांबतो, जणू एका रात्रीत वयात आला. शिरोरेषा दोन्ही टोकांनी आखडते आणि शेजारच्या अक्षराशी बोलणं बंद करते. म्हणून पंचिंग करतानाच, म्हणजे मशीनसाठी टाक्यांची फाइल बनवतानाच, लबाडी करावी लागते. काना दोन्ही बाजूंनी ०.३-०.४ मिलिमीटर जाड, खाली किंचित तोकडा. शिरोरेषेची टोकं पुढच्या अक्षरात मिलिमीटरभर घुसवलेली. ओळी ४५ अंशांत तिरप्या ठेवल्या की ओढ दोन्हीकडे वाटली जाते. स्क्रीनवर हे अक्षर पहिलीतल्या पोराने काढल्यासारखं दिसतं. भाऊ ते बघून घाबरतात. घाबरू द्यावं.

कॉम्प्युटरमधला फॉन्ट परस्पर टाक्यांत बदलणारे महाभाग वेगळेच. फॉन्टमध्ये काना शिरोरेषेखाली घुसलेला असतो. सॉफ्टवेअर इमानदारीने दोन्ही भरतं, एकावर एक. तिथे पत्र्यासारखा गठ्ठा होतो आणि ११ नंबरची सुई ‘टक्’ करून तुटते. आधी सगळे आकार जोडून एकच करायचे, मग भरायचे. भरावाखाली विरळ अंडरले, म्हणजे आधाराच्या टाक्यांचा थर घालायचा, वरच्या ओळींना आडवा. तो मखमलीची लव दाबतो आणि कापड खालच्या बकरमला, म्हणजे कडक अस्तराला, बांधून ठेवतो. तो वगळून पाच मिनिटं वाचवली की मखमलीचे केस अक्षरातून दाढीसारखे वर येतात. वरून पाण्यात विरघळणारी पारदर्शक फिल्मही हवीच. मात्र मखमलीवर पाणी ओतायचं नाही. फिल्म हाताने फाडायची आणि उरलेले कण ओल्या फडक्याने टिपायचे.

कापड ताणून धरणाऱ्या फ्रेममध्ये मखमल घट्ट आवळली की फ्रेमच्या कडेची गोल खूण मूर्तीच्या मागे प्रभावळीसारखी कायम राहते. फ्रेममध्ये ताणायचं ते बकरम. न फाटणारं, कापावं लागणारं, दोन थर. मखमल त्यावर ठेवून कडेने कच्चे टाके मारायचे. आणि ‘गणपती बाप्पा मोरया’ एका फ्रेममध्ये मावत नाही. दुसऱ्यांदा फ्रेम लावली की ओळ मिलिमीटरभर खाली घसरते आणि शिरोरेषेला पायरी पडते. म्हणून आधी खडूने सरळ रेघ, तिच्यावर फुल्या, आणि नव्या फ्रेमची पहिली सुई हाताने चाक फिरवून बरोबर फुलीवर उतरवायची. मशीनवर भरवसा त्यानंतर.

माझं मत विचाराल तर एवढ्या मोठ्या अक्षराला भराव टाकूच नये. सोनेरी सॅटिनचं कापड लावावं. आधी साध्या टाक्याने अक्षराची रेघ मारायची, वर कापड अंथरायचं, पुन्हा रेघेवरून टाका मारायचा, बाहेरचं कापड मिलिमीटरभर ठेवून कापायचं आणि कडेने ४ मिलिमीटरचा सॅटिन टाका. टाके काही फार कमी होत नाहीत. पण ओढ फक्त कडेला राहते, मधलं कापड मऊ राहतं, आणि अनंत चतुर्दशीला झाँक्यांच्या, म्हणजे चित्ररथांच्या, गर्दीत पडदा गुंडाळून न्यायचा झाला तर प्लायवुडसारखा वाटत नाही.

हे सगळं ऐकून भाऊ मान डोलावतात, ॲडव्हान्स देतात, दारापर्यंत जातात आणि वळतात. "काकू, खाली बारीक अक्षरांत अध्यक्ष, उपाध्यक्ष, सचिव, कोषाध्यक्ष आणि चौदा सदस्यांची नावं पण टाकून द्या ना. छोटीच तर आहेत!"

मखमलीवर. ५ मिलिमीटरची. अनुस्वारासकट.