मरण्यापूर्वी जागेचं तेवढं बघून घ्या

मेल्यावर सगळे सारखेच, असं तुम्हाला कोणी सांगितलं असेल, तर तो माणूस ग्रामपंचायतीची पायरी कधी चढलेला नाही हे नक्की समजा. मरायची घाई करू नका. आधी जागा बघा.

छत्तीसगडच्या बस्तरमधल्या छिंदवाडा गावच्या एका पाद्रीबाबांनी इथेच घोळ घातला. माणूस गावातलाच, माहरा समाजातला. पण त्याच्या वडिलांनी ख्रिश्चन धर्म घेतलेला. 7 जानेवारी 2025 ला पाद्रीबाबा वारले. घरची माणसं गावच्या मसणवट्यात आधी पुरलेली आहेत, तिथेच शेजारी वडिलांना ठेवू, असं मुलाला वाटलं. गावकरी म्हणाले, चालणार नाही. बरं, मग आपल्या शेतात? तेही चालणार नाही. तेव्हा आजोबांनी कोणता धर्म घेतला होता, हे आजच घरात विचारून ठेवा. रुग्णवाहिका दारात उभी असताना वंशावळ काढणं जड जातं.

सातबारा नावावर आहे म्हणून हुरळूनही जाऊ नका. सातबाऱ्यावर भात लावता येतो, बोअर मारता येते, सोसायटीचं कर्ज उचलता येतं. बाप पुरता येईलच असं नाही. त्यासाठी नियम आहेत, आणि ते 1999 चे, म्हणजे छत्तीसगड राज्यापेक्षाही वयाने मोठे. नियमांच्या नावातच मृतदेह, मेलेली जनावरं आणि इतर घाण पदार्थ यांच्या विल्हेवाटीच्या जागा असा एकत्र कुटुंबाचा उल्लेख आहे. आपली गणना कोणाबरोबर होणार हे कळलं, की बाकीचा अपमान सोसायला सोपा जातो.

खरी गोम मात्र पुढे आहे. जिवंतपणी तुम्ही कितीही भांडखोर असा, मेल्यावर शांतता राखावी लागते. ‘इथे पुरलंत तर बघा’ असं म्हणणारा गावकरी शांततेला धोका नसतो. धोका असतो तो कापडात गुंडाळून निमूट पडलेला माणूस. छत्तीसगडच्या उच्च न्यायालयाने 9 जानेवारीला हेच ओळखलं. करकापाल इथे ख्रिश्चनांची दफनभूमी आहे, वीस-पंचवीस किलोमीटर तर अंतर, उगाच गावात तणाव कशाला? हा न्याय लक्षात ठेवा, उपयोगी आहे. कोणाला कुठून हाकलायचं असेल तर कारण शोधत बसू नका. नुसतं ‘तणाव होईल’ म्हणा आणि तो तुम्हीच करणार आहात हे चेहऱ्यावर दिसू द्या.

मुलगा हट्टी निघाला, थेट सर्वोच्च न्यायालयात गेला. आपल्याकडे लोक तिथे जमिनीच्या हद्दीसाठी जातात, हा सहा फुटांसाठी गेला. 27 जानेवारीला निकाल लागला, तोही दोन. न्यायमूर्ती नागरत्ना म्हणाल्या, स्वतःच्या शेतात पुरू द्या. न्यायमूर्ती शर्मा म्हणाले, ठरलेल्या जागीच पुरा, हवी ती जागा निवडण्याचा अमर्याद हक्क कोणाला नाही. एरवी असं प्रकरण मोठ्या पीठाकडे जातं आणि तारखा पडत राहतात. पण इथे वडील 7 तारखेपासून जगदलपूरच्या शवागारात होते. शेवटी दोघांनी मिळून, पूर्ण न्यायासाठी लागेल तो आदेश देण्याची मुभा देणारं राज्यघटनेचं कलम 142 वापरलं आणि पाद्रीबाबा पोलीस बंदोबस्तात करकापालला गेले. जिवंतपणी आपल्यामागे एक हवालदार धावत नाही. तेव्हा मरणाचे काही फायदेही आहेत.

राज्यभर ख्रिश्चनांसाठी दफनाच्या जागा दोन महिन्यांत आखून द्या, असंही न्यायमूर्ती नागरत्नांच्या निकालात आहे. तोडगा झकास. गावाने आपलं मन मोठं करायचं नाही, सरकारने नकाशा मोठा करायचा.

हे तिकडचं झालं, आपला महाराष्ट्र पुरोगामी, असं म्हणून चहाचा घोट घेणार असाल तर जरा थांबा. 30 मार्च 2020 ला मुंबई महापालिकेने फर्मान काढलं होतं, की करोनाने गेलेला कोणत्याही धर्माचा असो, जाळायचाच. ओरड झाल्यावर ते फिरवलं. वांद्र्यात तर कब्रस्तानाशेजारच्या रहिवाशांनी दफन थांबवा म्हणून उच्च न्यायालय गाठलं. न्यायालयाने त्यांना परत पाठवलं, ही त्या रहिवाशांची गैरसोयच म्हणायची.

आणि गावाकडे तर कोर्टाचं कामच पडत नाही. तिथे कोणाचं मढं कुठे जायचं हे शेंबडं पोरही सांगतं. एका स्मशानाला पत्र्याची शेड, सिमेंटचा रस्ता, बसायला बाकडी, बाकड्यांवर देणगीदाराचं नाव. दुसरं ओढ्यापलीकडे, बाभळीत. रस्ता कोणाच्या तरी वावरातून जातो, त्याने अडवला की तिरडी बांधावर खोळंबते. आषाढात चौघं जण सरणावर ताडपत्रीची चार टोकं धरून उभे राहतात, आणि पाचवा डिझेलचा कॅन रिकामा करतो. कागदोपत्री दोन्ही जागा सार्वजनिकच आहेत, कोणालाही बंदी नाही. पलीकडच्या वस्तीत तुमचं घर असेल, तर एवढंच करा, शक्यतो उन्हाळ्यात मरा.