बादशहाकडे जाताना काय न्यावं?

जहांगीर बादशहाकडे काम काढलंय म्हणता? मग फर्मानाचं नंतर बघू, आधी नजराण्याचं बोला.

खर्चाला हात आखडताच ठेवा. इंग्लंडच्या राजाचा वकील सर टॉमस रो १६१६च्या जानेवारीत अजमेरच्या दरबारात हजर झाला तो एक घोडागाडी, व्हर्जिनल नावाचं पेटीवजा वाद्य, सुऱ्या, कशिद्याचं उपरणं असलं काहीबाही घेऊन. पैसा व्यापारी कंपनीचा, नाव राजाचं. बादशहाने समोर कौतुक केलं आणि पाठ वळताच एका पाद्र्याला विचारलं, इंग्लंडचा राजा खरंच मोठा आहे का? मग इतक्या हलक्या वस्तू कशा पाठवतो? आपल्याकडे आहेराचं पाकीट निदान घरी जाऊन तरी फोडतात.

गाडीला आतून चिनी मखमल मात्र जरूर लावा, कारागिरांना उचकटायला काहीतरी हवं. रोच्या गाडीची मखमल काढून तिथे जरीचं कापड बसलं. पितळी खिळे उपटले, चांदीचे ठोकले. शिवाय गाडी सुटी करून तिच्यासारखीच दुसरी बनवली. स्वारी निघाली तेव्हा बादशहा त्या नव्या गाडीत. मूळची नूरजहानकडे गेली होती.

परतभेटीची चिंता सोडा, फक्त पोट रिकामं ठेवून जा. नूरजहानचा भाऊ असफखान याने रोला टोपलीभर खरबुजं पाठवली, वीस. वर निरोप, ही खुद्द बहिणीच्या हातची! कधी शिकारीचं मांस यायचं. रोने वैतागून रोजनिशीत लिहिलं की आपलं सगळं सुख जिभेवरच आहे असा यांचा समज दिसतो. एकदा मात्र सोन्याच्या साखळीत बादशहाची तसबीर मिळाली. लगेच हिशेब मांडला: तीस पौंडांचीही नाही. इतरांना मिळते त्याच्या पाचपट आहे, हेही इमानदारीने टिपलं. वकील झाला तरी शेवटी मोजमाप करणाऱ्यांचाच माणूस.

अशी तीन वर्षं काढा. रोने काढली आणि हवा होता तो व्यापाराचा करार न घेताच १६१९मध्ये परतला. तुमचं नाव तरी राहील म्हणता? जहांगीर लिहिणारा माणूस, आपल्या सारसांच्या जोडीने अंडी कधी घातली तेही त्याने आठवणींत लिहून ठेवलंय. अजमेरहून निघताना आपण चार घोड्यांच्या फिरंगी रथात बसलो, हेही आहे. रो कुठेच नाही.