सकाळी अलार्म वाजतो आणि गाबँ मेलेला असतो

परवा आमच्या फॅमिली ग्रुपवर परत तोच वाद झाला. मावसभावाने एका नव्या मराठी पिक्चरबद्दल लिहिलं की शेवट फार डार्क आहे, आईबाबांना घेऊन जाऊ नका, आणि मग काका सुरू झाले, घरी टेन्शन काय कमी आहे का म्हणून वर तिकीट काढून टेन्शन घ्यायला जायचं, असले पिक्चर समाजाला निगेटिव्ह करतात वगैरे. २०१६ला 'सैराट'च्या वेळी पण हेच, झिंगाटवर सगळं घर नाचलं आणि शेवटची ती रक्तातली छोटी पावलं बघून आत्या चार दिवस दिग्दर्शकाच्या नावाने बोटं मोडत होती. मी पॅरिसमधून गप्प राहिलो, कारण त्याच संध्याकाळी मी लॅटिन क्वार्टरमधल्या एका छोट्या थिएटरात 'ल जूर स लेव्ह' बघून आलो होतो, म्हणजे 'दिवस उजाडतो', आणि नावावर जाऊ नका, दिवस उजाडेपर्यंत हिरो संपलेला असतो.

मार्सेल कार्नेचा १९३९चा पिक्चर. सुरुवातीलाच गोळीचा आवाज येतो, एक माणूस जिन्यावरून गडगडत खाली मरून पडतो, आणि गोळी घालणारा हिरो, म्हणजे नट जाँ गाबँ, वरच्या मजल्यावरच्या आपल्या खोलीत कोंडून घेतो. खाली पोलीस, शेजारी, गर्दी. मग रात्रभर तो सिगरेटी ओढत मागचं सगळं आठवतो आणि पहाटे स्वतःवर गोळी झाडतो, मग पोलिसांचा अश्रुधूर खोलीत शिरतो आणि त्या धुरात रोज कामाला उठवणारा अलार्म वाजायला लागतो. बस. दिवे लागले तरी पुढच्या रांगेतल्या आजी कोट न घालता तशाच बसून होत्या.

यालाच इथे 'काव्यात्म वास्तववाद' म्हणतात. नाव जड आहे, प्रकार सोपा आहे: धुकं, ओले रस्ते, बंदर, एक चुकलेला पण मनाने बरा माणूस, उशिरा भेटलेली बाई, आणि सुटायची वाट अगदी समोर दिसत असताना बंद होणं. 'पेपे ल मोको'त (१९३७) गाबँ अल्जियर्सच्या कस्बात, म्हणजे जुन्या दाट वस्तीत, लपलेला चोर आहे, बाहेर पडला की संपला. 'ल के दे ब्र्यूम'मध्ये (१९३८) तो पळून आलेला सैनिक, ल आव्र बंदरातून व्हेनेझुएलाला जाणारी बोट तयार आहे आणि तो एकदा शेवटचं प्रेयसीला भेटायला परत जातो. कार्नेच्या या पिक्चरचे आणि 'ल जूर स लेव्ह'चे संवाद कवी जाक प्रेव्हेरचे, सेट त्रोनेर नावाच्या बुडापेस्टहून आलेल्या माणसाचे. मी सां-मार्तां कालव्याजवळ राहतो, तिथलं ते 'ओतेल द्यू नोर' हॉटेल, ज्याच्या नावाचा कार्नेचा पिक्चर आहे, अजून आहे, टुरिस्ट फोटो काढतात, पण पिक्चरमधला बराचसा कालवा स्टुडिओजवळच्या जागेत खणलेला होता. धुकं सुद्धा बनवलेलं! आणि तरी आपल्या हाडात गारठा शिरतो.

आता आपण याला 'नशीब' म्हणू, पण ते आपलं नशीब नाही. यात कुंडली नाही, साडेसाती नाही. 'ल जूर स लेव्ह'मधला गाबँ कारखान्यात वाळूच्या माऱ्याने लोखंड साफ करतो, फुप्फुसं खराब होतात, अनाथ म्हणून वाढलेला आहे, त्याचं प्राक्तन तिथेच लिहिलं गेलंय. १९३६ला इथे डाव्यांची आघाडी निवडून आली, कामगारांना पहिल्यांदा दोन आठवड्यांची पगारी रजा आणि ४० तासांचा आठवडा मिळाला, आणि दोनच वर्षांत ती सगळी हवा गेली, वर हिटलर दारात. १९३९च्या जूनमध्ये 'ल जूर स लेव्ह' लागला, सप्टेंबरमध्ये युद्ध.

आणि काकांसाठी खास गंमत म्हणजे फ्रान्स हरल्यावर जर्मनांशी जुळवून घेणाऱ्या विशी सरकारने याच पिक्चरवर 'मनोधैर्य खचवतो' म्हणून बंदी घातली. 'ल के दे ब्र्यूम'मुळे आपण युद्ध हरलो असंही बोललं गेलं, तेव्हा कार्ने म्हणाला म्हणे की वादळ आलं म्हणून कोणी बॅरोमीटरला दोष देत नाही. निगेटिव्ह पिक्चरवाला मुद्दा काही काकांच्या सांगलीत निघालेला नाही.

मला इथे नऊ वर्षं राहून हीच गोष्ट जास्त विचित्र वाटते, की हे लोक पडद्यावर इतके हताश आणि रस्त्यावर अजिबात नाहीत. २०२३ला पेन्शनचं वय ६२चं ६४ करायचं ठरलं तर महिनोन्महिने मोर्चे, कचरा उचलणाऱ्यांचा संप, आमच्या गल्लीत छातीपर्यंत पिशव्या. कोणी म्हणालं नाही की नशिबात असेल ते होईल. आपल्याकडे एमपीएससीपासून पावसापर्यंत सगळं नशिबावर, आणि पिक्चरमध्ये मात्र हिरो वाचलाच पाहिजे. अर्थात इथल्यांना हताश होणं परवडतं, नोकरी गेली तर भत्ता मिळतो, काकांनी आयुष्यभर दुकान चालवलंय, त्यांना तीन तास बरं वाटावं असं वाटत असेल तर मी कोण बोलणार.

पण त्याच १९३९ला पुण्यात प्रभातने 'माणूस' काढला होता, शांतारामबापूंचा, काकांचा अत्यंत लाडका. पोलीस शिपाई गणपत आणि मैना (शांता हुबळीकर), जी मामाचा खून करून जेलमध्ये जाते. 'देवदास'च्या रडारडीला उत्तर म्हणून तो सांगितला जातो, जीवन जगण्यासाठी आहे, 'कशाला उद्याची बात'. आणि खरंच गणपत सावरतो, ड्युटीवर परत जातो. पण बघा ना, जगण्याचा धडा मिळतो तो बाहेर आणि देणारी आत. गाबँ निदान स्वतःच्या खोलीत स्वतःसाठी मरतो, तिथे बायका बाहेर रडत असतात हे मला तेवढंच खटकतं, पण मैनाचं काय? तो गोड शेवट कोणाचा?

हे सगळं मी रात्री ग्रुपवर टाकलं, लांबलचक. सकाळी काकांचा रिप्लाय होता: शांता हुबळीकरचं गाणं ऐकलंस का रे परत, काय आवाज.