‘संदेश’ सत्यजित राय यांनी सुरू केलं नाही

‘बंगाली मुलांचं मासिक ‘संदेश’ १९६१मध्ये सत्यजित राय यांनी सुरू केलं’ असा मेसेज फिरतोय. मीही तो पुढे पाठवला होता, त्याबद्दल माफी मागते.

‘संदेश’ १९१३मध्ये कोलकात्यात त्यांचे आजोबा उपेंद्रकिशोर रायचौधुरी यांनी काढलं. बंगालीत संदेश म्हणजे निरोपही आणि छेन्याची मिठाईही. किती गोड नाव! १९१५मध्ये ते गेल्यावर त्यांचा मुलगा आणि सत्यजित यांचे वडील सुकुमार राय संपादक झाले. त्यांच्या गमतीदार कविता, त्यांनीच काढलेल्या चित्रांसह, यातच छापून आल्या. सुकुमार १९२३मध्ये गेले, तेव्हा सत्यजित अडीच वर्षांचेही नव्हते. मग मासिक त्यांनी सुरू केलेलं कसं असेल? १९६१मध्ये सत्यजित आणि कवी सुभाष मुखोपाध्याय यांनी बंद पडलेलं मासिक पुन्हा उभं केलं. सत्यजित यांचा गुप्तहेर नायक फेलुदा १९६५मध्ये इथेच अवतरला.

जुना मेसेज कृपया पुढे पाठवू नका.