मुर्नाऊ म्हणजे फक्त 'नोस्फेरातू' नव्हे

मूकपटांच्या काळातला जर्मन दिग्दर्शक एफ. डब्ल्यू. मुर्नाऊ याचं नाव निघालं की गप्पा लगेच 'नोस्फेरातू' या त्याच्या रक्तपिपासू पिशाच्चाच्या भयपटावर येतात. जिन्यावरची ती लांब बोटांची सावली, ज्याच्या 'ड्रॅक्युला' कादंबरीवरून तो विनापरवाना बेतला त्या ब्रॅम स्टोकरच्या पत्नीने केलेला खटला, सगळ्या प्रिंट नष्ट करण्याचा कोर्टाचा आदेश, आणि तरीही वाचलेला सिनेमा. २०१५ मध्ये बर्लिनजवळच्या श्टान्सडॉर्फच्या दफनभूमीतून मुर्नाऊची कवटी चोरीला गेली, तेव्हा पुन्हा तीच ओळख छापून आली. मला याचं वाईट वाटतं. त्याचं सगळ्यात मोठं देणं मला १९२४ च्या 'द लास्ट लाफ'मध्ये दिसतं, आणि तो पाहिलेली माणसं फार कमी भेटतात.

गोष्ट एवढीशीच. बड्या हॉटेलच्या दारावर उभा असणारा एक म्हातारा दरवान. सोनेरी बटणांचा तो भरजरी कोट हीच त्याची वस्तीतली पत. वय झालं म्हणून मॅनेजर कोट काढून घेतो आणि त्याला तळघरातल्या स्वच्छतागृहात टॉवेल द्यायला बसवतो. दरवानाचं काम करणारा नट एमिल यानिंग्स तेव्हा जेमतेम चाळिशीचा होता, पण कोट उतरल्यावर त्याची पाठ अशी वाकते की पाहवत नाही. तो काय सोसतोय हे सांगायला एकही संवादपाटी (मूकपटात संवाद लिहून दाखवणारी पाटी) नाही.

ते काम कॅमेरा करतो. पहिल्याच दृश्यात तो लिफ्टमधून खाली उतरतो आणि लॉबी ओलांडून फिरत्या दारापाशी पोचतो. छायाचित्रकार कार्ल फ्रॉइंडने त्यासाठी कॅमेरा घेऊन चक्क सायकल चालवली. म्हातारा दारू प्यायल्यावर खोली गरगरते, तिथे फ्रॉइंडने कॅमेरा छातीला बांधून झोकांड्या खाल्ल्या. लेखक कार्ल मायरचाही यात मोठा वाटा आहे, श्रेय एकट्या दिग्दर्शकाचं नाही. पण कॅमेरा कशासाठी हलवायचा, हे मुर्नाऊला पक्कं ठाऊक होतं. आज ड्रोन आणि गिंबल (कॅमेरा हलतानाही स्थिर धरणारं उपकरण) हाताशी असताना कॅमेरा थांबतच नाही, आणि बहुतेक वेळा तो का हलला हे विचारलं तर उत्तर नसतं. इथे प्रत्येक हालचाल त्या म्हाताऱ्याच्या मनातून निघते.

हे चित्रीकरण चालू असताना पुढे रहस्यपटांसाठी गाजलेला दिग्दर्शक आल्फ्रेड हिचकॉक तरुणपणी बर्लिनजवळच्या बाबेल्सबर्गच्या स्टुडिओत कामाला होता. मुर्नाऊला काम करताना पाहून तो शब्दांवाचून गोष्ट सांगायला शिकला. पुढे मुर्नाऊ हॉलिवूडला गेला. तिथल्या त्याच्या 'सनराइज'ला पहिल्याच ऑस्कर सोहळ्यात पुरस्कार मिळाले. १९३१ मध्ये मोटार अपघातात तो गेला, तेव्हा अवघा ४२ वर्षांचा होता.

शेवट मात्र मला आजही पटत नाही. सिनेमातली एकमेव पाटी येते: गोष्ट खरं तर इथेच संपायला हवी होती, पण लेखकाला दया आली. मग म्हाताऱ्याला अचानक गडगंज वारसा मिळतो. मी पाटीपाशीच थांबतो.

फिल्म सोसायट्यांना कळकळीची विनंती आहे. मुर्नाऊचा एकच सिनेमा दाखवणार असाल तर यंदा हा दाखवा. जमलं तर प्रत्यक्ष वाजणाऱ्या संगीतासह, आणि शाळा-कॉलेजच्या मुलांना आवर्जून बोलावून.